‘मुस्तफा’वाला गेम अजूनही दुरुस्त होतोय

पेण-रोह्याकडच्या चाळिशीतल्या कुणालाही विचारा, ‘मुस्तफा’ खेळलायस का? उत्तर देण्याआधी तो हसेल. ईदची नमाज झाली, शीरखुर्मा पोटात गेला, ईदीच्या नोटा खिशात आल्या की पोरं नव्या कुर्त्यातच व्हिडिओ गेमच्या दुकानात. एस.टी. स्टँडच्या आसपास एखादा गाळा, दाराला पडदा, आत तीन-चार लाकडी पेट्या आणि बटणांचा नुसता खडखडाट. घरी कळलं की मार. अब्बा आखातात असले तर तो मार अम्मीच्या किंवा मामूच्या हातचा, एवढाच काय तो फरक.

गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून. त्यात चार खेळाडू: जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीतला मुस्तफा कैरो. मुस्तफा सगळ्यात चपळ. धावत जाऊन उडी मारून लाथ घातली की समोरचे दोन-तीन गुंड आडवे. मोहल्ल्यातल्या पोरांना आपल्यातलंच नाव स्क्रीनवर, तेही हिरोचं, क्वचितच दिसायचं. पण खरं सांगायचं तर सगळ्याच पोरांना मुस्तफाच हवा असायचा, नाव काहीही असो. म्हणून तर अख्ख्या देशात गेमचं नावच ‘मुस्तफा’ पडलं.

ही दुकानं कधीच बंद झाली. पेट्या भंगारात गेल्या. आणि गंमत अशी की हा आर्केड गेम कंपनीने घरी खेळायच्या कुठल्याही मशीनवर कधी आणलाच नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या मारामारीच्या सात जुन्या गेमांचा संच काढला, त्यातही हा नव्हता. मग आज भाचा मोबाईलवर ‘मामू, हा बघ तुमचा मुस्तफा’ म्हणून दाखवतो, तो येतो कुठून?

तो येतो ‘इम्युलेटर’ नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. त्यातलं सगळ्यात मोठं आणि जुनं नाव म्हणजे ‘मेम’, म्हणजेच मल्टिपल आर्केड मशीन इम्युलेटर. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी त्याची पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ रोजी सर्वांसाठी खुली केली. सुरुवात पॅक-मॅनसारख्या मोजक्या गेमांपासून झाली, आज त्यात हजारो मशीन आहेत. काम करणारे स्वयंसेवक आहेत, जगभर विखुरलेले. जवळपास दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीसोबत दुरुस्त केलेल्या चुकांची यादी.

इथे साहजिकच प्रश्न पडतो. गेम १९९३ चा, तो काही बदलत नाही. मग पंचवीस-तीस वर्षं दुरुस्ती कसली चाललीय?

त्यासाठी इम्युलेटर करतो काय ते समजून घेऊ. मुस्तफाच्या पेटीतल्या बोर्डावर मोटोरोलाचा ६८००० नावाचा प्रोसेसर होता, १२ मेगाहर्ट्झवर चालणारा. आवाजासाठी वेगळा झेड-८० प्रोसेसर, आणि त्याच्या जोडीला ‘क्यूसाउंड’ नावाची चिप. चित्र काढायला कॅपकॉमच्या स्वतःच्या चिपा. गेमचा प्रोग्राम वेगळ्या चिपांमध्ये कोरलेला, त्याला रॉम म्हणतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून इम्युलेटर सोंग घेतो. रॉममधली एकेक आज्ञा वाचतो आणि ‘ही ऐकून त्या जुन्या चिपने काय केलं असतं?’ ते लॅपटॉपकडून करून घेतो. एका चिपचं सोंग वठवणं एक वेळ सोपं. पण सगळ्या चिपांचा ताल एकमेकांशी जुळावा लागतो, कव्वालीच्या पार्टीसारखा. तबला जरा मागे पडला की मजा गेली.

चुका निघतात त्या बहुतेक इथेच. उदाहरण घ्या. आपण धरून चालतो की स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं येतात. या बोर्डावर ती ५९.६ च्या आसपास येत होती. फरक नगण्य वाटतो, पण तो चुकला की खेळाचा आणि गाण्याचा वेग मूळ मशीनपेक्षा कणभर वेगळा पडतो. दुसरं उदाहरण, या बोर्डावर माणसं आणि डायनोसॉर यांची चित्रं पार्श्वभूमीपेक्षा एक फ्रेम उशिरा दिसतात. हा उशीर इम्युलेटरनेही जसाच्या तसा करायचा. नाही केला तर चालताना पाय जमिनीवरून घसरल्यासारखे वाटतात.

आवाजाची गोष्ट तर मोठी आहे. क्यूसाउंड चिपच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोग्राम होता आणि तो बाहेरून वाचता येत नव्हता. त्यामुळे कितीतरी वर्षं इम्युलेटरमधला आवाज हा अंदाज होता. चांगला अंदाज, पण अंदाजच. शेवटी चिपचं आवरण उघडून, आतली सिलिकॉनची तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो प्रोग्राम मिळवला गेला, आणि २०१८ मध्ये मेममध्ये ती चिप तिच्या मूळ प्रोग्रामसकट चालू लागली. गेम निघाला त्यानंतर पंचवीस वर्षांनी! मुस्तफाच काय, कॅपकॉमच्या ही चिप असलेल्या सगळ्या गेमांचा आवाज त्याने सुधारला.

त्याच बोर्डावर आवाजाचा प्रोग्राम कुलूपबंद होता. झेड-८० ची जी जात त्यात होती तिचं नाव ‘कबुकी’, आणि कुलपाची किल्ली तिच्या आत एका बॅटरीच्या जोरावर साठवलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. प्रोग्राम तिथेच असतो, पण तो वाचणारं कुणी उरत नाही. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांवर तर अख्खा गेमच असा बंद पडायचा. जगभरचे दुकानदार हैराण, आणि शौकीन लोक त्या बॅटरीला ‘आत्मघाती बॅटरी’ म्हणू लागले. सीपीएस-२ चं कुलूप नेमकं कसं चालतं हे पूर्णपणे २००७ मध्ये उलगडलं. उलगडणाऱ्यांत साल्मोरियाही होते. त्यामुळे आज मेलेला बोर्डही पुन्हा जिवंत करता येतो. नुसती खेळण्याची हौस म्हणून याकडे बघणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. हे काम झालं नसतं तर तो एक अख्खा काळ बॅटरीबरोबरच संपला असता.

चूक कळवायची कशी, याचीही शिस्त आहे. ‘गेम नीट चालत नाही’ एवढं लिहून भागत नाही. कुठली आवृत्ती, गेमची नेमकी कुठली प्रत, कुठल्या टप्प्यावर, काय दाबल्यावर काय झालं, पुन्हा तेच केल्यावर पुन्हा तेच होतं का, हे सगळं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खऱ्या मशीनवर असं होत नाही याचा पुरावा. इथेच भल्याभल्यांची फजिती होते. कारण मूळ गेममध्येच चूक असेल तर ती दुरुस्त करायची नाही! पॅक-मॅनच्या २५६ व्या पातळीवर अर्धी स्क्रीन अक्षरांच्या कचऱ्याने भरून जाते. पातळीचा आकडा २५५ च्या पुढे मावत नाही म्हणून. १९८० पासूनची ही चूक मेममध्येही तशीच दिसते, दिसायलाच हवी. जुन्या दस्तऐवजाची नक्कल करणाऱ्याने मूळ लेखनिकाच्या चुका आपल्या मनाने सुधारू नयेत, तसंच हे.

दुरुस्तीने दुसरीकडे बिघाड होणं हेही नेहमीचंच. ६८००० प्रोसेसर एकट्या मुस्तफात नव्हता, त्या काळातल्या शेकडो गेमांत होता. त्याचा कोड एका गेमसाठी सुधारला आणि दुसरा गेम अडला, असं होऊ शकतं. म्हणून काही लोक फक्त तपासणीचंच काम करतात. कंटाळवाणं काम, नाव कुणाचं होत नाही, पण त्याच्याशिवाय गाडा चालत नाही.

आता मोबाईलबद्दल, कारण घरोघरी प्रश्न तोच. फोनवरची अनेक अॅप मेमच्या फार जुन्या आवृत्तीवर बांधलेली असतात. ‘मेम २००३’ नावाने जे चालतं ते ०.७८ या आवृत्तीवरचं आहे. हलक्या फोनवर ते पळतं, म्हणून वापरतात. पण पुढच्या वीस वर्षांतली दुरुस्ती त्यात नसते. आवाज फाटतोय, चित्र लटपटतंय अशी तक्रार असेल तर ती बहुधा कधीच सुटलेली असते, आपल्या फोनपर्यंत पोचलेली नसते इतकंच. आणि ‘मुस्तफा गेम’ नावाने कुठल्याही साईटवरून फाईल उतरवून पोरांच्या हातात देऊ नका. गेमला तुमच्या कॉन्टॅक्टची किंवा मेसेजची परवानगी कशाला हवी?

हक्काचा मुद्दाही टाळता येत नाही. इम्युलेटर स्वतः कायदेशीर आहे. मेम २०१६ पासून पूर्णपणे मुक्त स्रोत आहे, त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. गेमचा रॉम मात्र कंपनीची मालमत्ता. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रामलाही संरक्षण आहे. ‘कंपनी विकतच नाही, मग घेतला तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, मनाला पटतोही, पण कायद्यात तो बसत नाही. मालकांनी स्वतःहून परवानगी दिलेले थोडे गेम आहेत, ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ वगैरे. ते मेमच्याच साईटवर फुकट मिळतात. घरात संगणक शिकणारं कुणी असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि मन लागलं तर कोडही उघडून बघावा. तो सी++ मध्ये आहे, कॉलेजात शिकवतात तीच भाषा.

एक गोष्ट राहिली. मुस्तफाच्या मूळ बोर्डांबरोबरच नकली बोर्डही जगभर खूप फिरले. महागडी क्यूसाउंड चिप वगळून त्यांत दुसऱ्या स्वस्त चिपा बसवलेल्या असायच्या. म्हणजे कुणाच्या कानात मुस्तफाचं जे संगीत बसलंय ते मूळ असेलच असं नाही. मेमवाले या नकली बोर्डांचीही नोंद ठेवतात, कारण लोक प्रत्यक्षात खेळले ते हेच. अशा एका नकली मुस्तफाचा आवाज मेममध्ये बराच काळ निघतच नव्हता, कारण त्या बोर्डावरचा आवाज सांभाळणाऱ्या छोट्या चिपमधला प्रोग्राम कुणाच्या हाती लागला नव्हता. तेव्हा पेण, रोहा, नागोठणे कुठेही, एखाद्या बंद दुकानाच्या माळ्यावर जुनी पेटी पडलेली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. वीज जोडू नका, बॅटरी गळालेली असू शकते. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, चिपांवरची अक्षरं वाचता येतील असे. तेवढ्यावरूनही जाणकारांना कळतं की हा बोर्ड त्यांच्याकडे नोंदलेला आहे की नाही.