युद्धकाळातली नोंदकार्डे आणि आपली वंशावळ

घराण्याची माहिती काढायची तर आपल्याकडे कुलवृत्तांत असतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात. पण ज्या मुलांचे आजोळ जर्मन आहे, त्यांनी कुठे शोधावे? त्यासाठी ही थोडी माहिती.

राहता पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा, हा इथला नियम आपल्याला ठाऊकच आहे. जानेवारी १९३८ मध्ये तो देशभर एकसारखा झाला. त्या काळच्या ‘मेल्डेकार्टे’वर नाव, जन्मतारीख, धर्म, व्यवसाय आणि बदललेले पत्ते सापडतात. जुनी कार्डे बहुधा शहराच्या ‘श्टाटआर्खीव’मध्ये असतात. पूर्ण नाव, जन्मतारीख व शेवटचा पत्ता कळवून अर्ज करावा. शोधाचे शुल्क पडू शकते. बॉम्बहल्ल्यांत पुष्कळ कार्डे नष्ट झाली. बर्लिनचा संग्रह अपुरा आहे. तिथे १९४३ पर्यंतची छापील पत्तापुस्तके कामी येतात, पण त्यांत मुख्यतः कुटुंबप्रमुखाचेच नाव असते.

त्या वेळी इथे राहिलेला हिंदी माणूस शोधायचा असेल, तर बाड अरोल्सनच्या संग्रहालाही विचारावे. तिथे सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांविषयी कागद आहेत. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या हुकमावरून गावोगावी केलेल्या परदेशी रहिवाशांच्या याद्याही त्यांत आहेत. हिंदी माणूस तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होता, हे ध्यानात ठेवावे. नावाची सगळी रूपे तपासावीत: आपला एक ‘ज’ लिहायला जर्मन कारकुनाला चार अक्षरे लागतात!

आता नाजूक गोष्ट. ही कार्डे आपल्या सोयीसाठी केलेली नव्हती. १७ मे १९३९ च्या जनगणनेत एका पुरवणी कार्डावर चारही आजी-आजोबांपैकी कोण ज्यू, हे विचारले होते. १९४१-४२ च्या सुमारास ज्यू कुटुंबाच्या कार्डावर ‘पूर्वेकडे स्थलांतर’ किंवा ‘नवा पत्ता अज्ञात’ असा शेरा दिसला, तर तो शब्दशः घेऊ नये. अनेकदा त्याचा अर्थ हद्दपारी, आणि पुढे बहुतेकांचा मृत्यू. अशी नोंद हाती आली तर मुलांना दाखवण्याआधी सासू-सासऱ्यांशी शांतपणे बोलावे. कित्येक घरांत हा विषय कधी निघालेलाच नसतो.

प्रयोगशाळेत आम्ही एका चाचणीवर निष्कर्ष काढत नाही. इथेही काढू नये. ‘श्टांडेसआम्ट’च्या नोंदींशी ताळा करावा. जन्माच्या नोंदी ११०, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. थेट वारसांना त्याआधीही मिळतात.

बरीच कार्डे जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत आहेत. ही लिपी शाळेत मुख्यतः १९४१ पर्यंत शिकवली गेली. ती वाचणारे आज नव्वदीत आहेत, तेव्हा शेजारच्या आजींना लवकर विचारा. अर्जाचे जर्मन पत्र लिहायला आम्ही मंडळाचे स्वयंसेवक आहोतच.