चेनसॉमध्ये पेट्रोल कुठलं आणि ऑइल किती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग थोडा नीटनेटका करून लिहिलाय.

कोकणातल्या एका बागायतदार काकांचा व्हॉइस मेसेज होता. मशीनच्या पुस्तकात लिटरला २० मिली ऑइल लिहिलंय, दुकानदार ४० सांगतो, आणि मेकॅनिक म्हणतो जास्तच टाका, त्याने काय बिघडतंय! मग खरं कोणाचं?

आधी ऑइल का मिसळायचं ते बघू. कारच्या इंजिनाखाली ऑइलची वेगळी टाकी असते. टू-स्ट्रोक चेनसॉत ती नसते. पेट्रोल क्रँककेसमधून वर जातं, आणि जाता जाता त्यातलं ऑइल बेअरिंग, पिस्टन, सिलिंडरला लागतं आणि मग जळून जातं. म्हणजे टाकीत जे ओतलं तेवढंच वंगण. दुसरी सोय नाही.

५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बहुतेक नव्या मशीन चांगल्या ऑइलवर ५०:१ मागतात. साधं ऑइल असेल तर काही कंपन्या स्वतःच प्रमाण वाढवायला सांगतात, त्यामुळे दुकानदारही अगदी चूक नसतो. पण "जास्तच टाका" मला पटत नाही. ऑइल वाढलं की तेवढ्याच थेंबात पेट्रोल कमी, प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, आणि धूर तर विचारूच नका.

प्रमाणाइतकाच ऑइलचा दर्जा महत्त्वाचा. डब्याच्या मागे 'जासो' लिहिलेलं शोधा: एफबी, एफसी, एफडी. एफडी सगळ्यात स्वच्छ जळतं. पूर्वी पंपावर स्कूटर-रिक्षांसाठी मिळायचं ते टू-टी ऑइल या कामाला का नको? आरएक्स १०० ची पूर्ण ताकद ७,५०० आरपीएमला यायची, चेनसॉ १२,०००च्या पुढे फिरतो. आणि बंदरावर होडीच्या मशीनसाठी 'टीसी-डब्ल्यू३' ऑइल मिळतं, ते तर नकोच. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. चेनसॉ हवेवर थंड होतो, बराच जास्त तापतो.

आता मुख्य मुद्दा. २० की ४० यावर आपण भांडतो, पण आज मशीन बसायचं मोठं कारण ऑइलपेक्षा पेट्रोलमध्ये आहे, असं माझं मत. २०२३ पासून आपल्याकडे ई२० आलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि आता ते जवळपास सगळीकडे आहे. बऱ्याच चेनसॉंच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची असते. (जुन्या सॉफ्टवेअरवर नवी लायब्ररी चढवली की जे होतं, तेच.)

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. किलोभर साध्या पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. कारमधला सेन्सर हे जुळवून घेतो. चेनसॉचा साधा कार्ब्युरेटर नाही घेत, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे पडदेही इथेनॉलने फुगतात नाहीतर कडक होतात.

त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. लिटरमागे एक-दीड चहाचा चमचा पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला बसतं. नुसत्या हवेतून एवढं पाणी यायला वेळ लागतो, पण सैल झाकणाचा कॅन पावसाळाभर पडवीत राहिला तर? ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीतला फिल्टर असतो तळाशी. मशीन सुरू झालंच तर ते बिनतेलाचं पाणी-इथेनॉल पितं. अशा वेळी तुम्ही ४० काय, ६० मिली टाकलेलं असलं तरी पिस्टनपर्यंत पोचत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे घरी बघता येतं. मापाच्या उभ्या काचनळीत ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी घ्या, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. उघड्यावर, चूल-विडी लांब ठेवून. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. २५-३० झाला तर ई२०. ते पेट्रोल परत मशीनमध्ये ओतू नका. आणि महागडं प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असं गृहीत धरू नका, तेही तपासा.

ई२०च मिळत असेल तर निदान मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा. धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. टाकीत भरताना पुन्हा हलवा. काम संपून मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. हाय स्पीडचा स्क्रू ई२० साठी थोडा जुळवावा लागतो, पण ते टॅकोमीटर असलेल्या मेकॅनिककडूनच.

चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी. ते चिकट हवं, नाहीतर चेनवरून उडून जातं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल त्यात ओततात, पण त्यात धातूची भुकटी असते, आणि ते सगळं शेवटी तुमच्या अंगावर नि बागेच्या मातीत जातं. पोचतंय का बघायला बारचं टोक फिकट लाकडासमोर धरून रेस करा, तेलाची रेघ दिसली पाहिजे.

ग्रास कटरसाठी वेगळं काही? टू-स्ट्रोक असेल तर हेच सगळं, फक्त चेन ऑइल सोडून.