ग्लासात पोपचं गाव, तबकड्यांना नो एंट्री!

माहीत आहे का? फ्रान्समध्ये एक गाव असं आहे, जिथे उडत्या तबकडीला पार्किंग मिळत नाही!

गाव म्हणजे अविन्योंजवळचं, ऱ्होन नदीकाठचं शातोनफ-द्यु-पाप. ऑक्टोबर १९५४ मध्ये इथल्या मेयरनी चक्क फतवा काढला. गावावरून तबकड्यांनी उडायचं नाही, गावात उतरायचं नाही, आणि उतरलीच एखादी तर जागच्या जागी जप्त! तेव्हा फ्रान्सभर ‘आकाशात काहीतरी दिसलं’ची साथच आली होती. मेयरसाहेबांनी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले आणि गावच्या वाइनची झकास पब्लिसिटी केली. तबकड्यांचं काय? गेल्या उडत!

गंमत पुढेच आहे. कॅलिफोर्नियातल्या बॉनी डून वायनरीनं याच किश्शाला सलाम ठोकत १९८४ च्या द्राक्षांपासून ‘ल सिगार व्होलाँ’, म्हणजे ‘उडता सिगार’ नावाची रेड वाइन काढली. लेबलवर काय? मळ्यावर लाल झोत सोडणारं यान!

बरं, गावाच्या नावातले पोप (फ्रेंचमध्ये ‘पाप’) खरेच आहेत का? शंभर टक्के! १३०९ ते १३७७ या काळात सात पोप रोमऐवजी अविन्योंमध्ये राहिले. त्यातल्या जॉन बाविसाव्यांनी या गावात उन्हाळी किल्ला बांधला. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्यानं त्याचा बुरूज सुरुंगानं उडवला, पण अर्धी बाजू ताठ उभी राहिली. आजही वेलींच्या वर तीच दिसते. पोपचा मुकुट आणि चाव्या मात्र बाटलीच्या काचेवर उठावात विराजमान आहेत, १९३७ पासून!

आता भेटा या गोष्टीच्या खऱ्या हीरोला. बॅरन पिएर ल रुआ. पेशानं वकील, पहिल्या महायुद्धातला फायटर पायलट, आणि लग्नामुळे शातो फोर्तिया या वाइन इस्टेटचा धनी. त्या काळी गावाच्या नावावर कोणीही काहीही विकत होतं. बागायतदार बॅरनकडे गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी कडक नियमावली रचली. कुठली जमीन चालेल? जिथे लॅव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतात ती! म्हणजे इतकी रुक्ष, की भाजीपाल्यानं पाठ फिरवावी आणि वेलीनं मात्र खुशीत मुळं खोल सोडावीत. माती तपासायला प्रयोगशाळा नाही, दोन झुडपं पुरेशी. मला तर हा वाइनच्या इतिहासातला सगळ्यात देखणा नियम वाटतो.

नियम तरी किती? यंत्रानं तोडणी बंद, घड हातानंच खुडायचे. वरून साखर घालायची नाही. अल्कोहोल किमान १२.५ टक्के, तेही फक्त उन्हानं पिकवलेल्या गोडव्यातून. आज बहुतेक बाटल्या १४ च्या पुढे सहज जातात. कच्चे, सडके घड बाजूला काढायचेच. आंबट द्राक्षं इथे कोल्ह्यालाच! हीच शिस्त १९३५ मध्ये देशभराच्या कायद्याला पायवाट ठरली, आणि १९३६ मध्ये सरकारी दर्जा मिळालेल्या पहिल्या वाइन्समध्ये हे गाव होतं.

तेरा! एका वाइनमध्ये द्राक्षांच्या इतक्या जाती चालतात. शातो द बोकास्तेल या इस्टेटीत त्या सगळ्या लावलेल्या आहेत. राणी मात्र ग्रेनाश. तिच्या साथीला येणारी सिरा तुम्हाला नाशिकच्या बाटल्यांवर ‘शिराझ’ म्हणून भेटलेली असेल. जात तीच, कॅलेंडर उलटं: तिथे खुडणी सप्टेंबरच्या सुमारास, नाशिकला हिवाळ्यात!

इथले फोटो पाहिलेत? वेलींखाली माती नाहीच, नुसते गोल गुळगुळीत गोटे! दिवसभर ऊन खातात आणि रात्री वेलींवर गोधडी घालावी तशी ऊब देतात. पण थांबा, गोटे म्हणजेच चव असं समजू नका. इथली बहुधा सगळ्यात गाजलेली वाइन शातो रायासची, आणि तिची ग्रेनाश वाढते वाळूत. गोट्यांचा पत्ताच नाही!

त्यात मिस्त्राल वारा. उत्तरेकडून असा सुसाटतो की वेली बुटक्या झुडपांसारख्या वाढवाव्या लागतात. पण हाच वारा घड कोरडे ठेवतो, बुरशीला हाकलतो. वारा प्यायलेली द्राक्षंच म्हणा ना!

एक धक्का नदीपलीकडून आला. युरोपभरचे मळे खाऊन टाकणारी फिलॉक्सेरा कीड १८६० च्या दशकात सुरुवातीला दिसली ती समोरच्याच काठावर, रोकमोरच्या परिसरात. आली होती अमेरिकन वेलींवरून, आणि उपायही अमेरिकनच निघाला: तिकडच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. नाशिकचे बागायतदारही ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर द्राक्षाचं कलम भरतात, फक्त तिथे झुंज खारट जमीन आणि पाणीटंचाईशी.

चला, टेबलावर! ‘रूम टेम्परेचरला प्या’ हा सल्ला मुंबईच्या खोलीसाठी नव्हेच. १६ ते १८ अंश हवं, म्हणून आधी फ्रिजमध्ये. मोठा ग्लास घ्या, थोडा वेळ हवा लागू द्या. पिकलेली लाल फळं, मिरी, रानझुडपांचा वास एकेक करून वर येतो. सोबतीला थाइम लावून भाजलेलं कोकराचं मांस किंवा हळूहळू शिजलेला प्रोव्हान्सचा ‘दोब’ (मांसाचा स्ट्यू). झणझणीत तांबडा रस्सा मात्र नको: एवढ्या अल्कोहोलसोबत तिखट आणखी भाजतं.

आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, हवी असेल तर? या गावाच्या नावानं मिळणारच नाही! नियमात फक्त रेड आणि थोडी व्हाइट. रोझेसाठी ऱ्होन ओलांडून ताव्हेल गाठा. त्यांचा नियम बरोबर उलटा: रोझे आणि फक्त रोझे!