कळ एक, काम दहा : मोंढ्यातील हिशोबासाठी संगणकाचा ‘मॅक्रो’

दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आणि संक्रांतीच्या सुमारास तुरीची आवक वाढली की उदगीरच्या मोंढ्यात मुनिमाला मान वर करायला सवड मिळत नाही. प्रत्येक शेतकऱ्यामागे काम मात्र तेच असते. नाव, कट्टे, वजन आणि भाव भरायचा, हमाली-तोलाई वजा करायची, पट्टी छापायची, तीच रक्कम नोंदवहीत उतरवायची आणि पुढच्या माणसासाठी रकाने कोरे करायचे. अनेक दुकानांत आता संगणक आहे, पण ही कामे त्याच्यावरही हातानेच चालतात. दिवस मावळताना थकलेल्या हाताने ४,६५० चे ४,५६० होतात आणि वाद उभा राहतो.

यावर ‘मॅक्रो’ हा बिनखर्चाचा उपाय आहे. आपण एकदा केलेली कामे संगणक क्रमाने लक्षात ठेवतो आणि ठरवून दिलेली कळ दाबताच ती पुन्हा तशीच करतो, यालाच मॅक्रो म्हणतात. ही सोय नवी नाही. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या हिशोबाच्या प्रणालीत ऑल्ट आणि एक अक्षर दाबून मॅक्रो चालवता येत असे. आजच्या एक्सेलमध्ये तर तो नुसता ‘रेकॉर्ड’ करता येतो. प्रोग्रॅमिंग शिकण्याची गरज नाही.

मॅक्रो कसा तयार करावा?

१) एका पानावर पट्टीचा नमुना करा. त्याच पानावर खाली एका आडव्या ओळीत नाव, कट्टे, वजन, भाव, कपात आणि निव्वळ रक्कम सूत्राने एकत्र येईल अशी व्यवस्था करा. दुसऱ्या पानाला ‘नोंद’ असे नाव द्या.

२) एक पट्टी पूर्ण भरा. ‘व्ह्यू’मधील ‘मॅक्रोज’ उघडून ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडा. नावात मोकळी जागा सोडू नका. कळीच्या चौकटीत शिफ्ट धरून एम लिहा, म्हणजे ‘कंट्रोल-शिफ्ट-एम’ ही कळ ठरेल. शिफ्ट न घेता कंट्रोल-सी किंवा कंट्रोल-पी दिलीत, तर ती फाइल उघडी असेपर्यंत नकल किंवा छपाईची नेहमीची कळ हातची जाईल.

३) आता कामे सावकाश करा. ‘नोंद’ पानावर तिसऱ्या ओळीच्या जागी एक नवी ओळ घाला. पट्टीच्या पानावर येऊन ती आडवी ओळ कॉपी करा. ‘नोंद’मधील नव्या ओळीत ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ उतरवा. परत येऊन पट्टी छापा. शेवटी नाव, कट्टे, वजन आणि भाव हे चारच रकाने पुसा. सूत्रांना हात लावू नका.

४) ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ दाबा आणि फाइल मॅक्रो सांभाळणाऱ्या ‘एक्सएलएसएम’ प्रकारात जतन करा. साध्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात मॅक्रो राहत नाही.

आता प्रत्येक पट्टीमागे चार रकाने भरायचे आणि एक कळ दाबायची. एका पट्टीमागे अर्धा मिनिट वाचला असे धरले, तरी ८० पट्ट्यांच्या दिवशी ४० मिनिटे वाचतात.

कोठे सावध राहावे?

संगणकाला बरे-वाईट कळत नाही. जे शिकवले तेच तो करतो, चूक शिकवली तर चूकच रोज करतो. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

हमालीचा दर रेकॉर्ड करताना हाताने टाकू नये. तो मॅक्रोत कायमचा बसतो आणि दर बदलला तरी जुनाच लागत राहतो. दर वेगळ्या रकान्यात ठेवून सूत्राने घ्यावा.

दुसरे, ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ ही खूण आपल्या या कामासाठी बंद असावी. ती चालू असली की रकाने ठरलेल्या जागेचे न राहता कर्सर जेथे असेल तेथून मोजले जातात आणि भलतीच जागा पुसली जाऊ शकते.

तिसरे, मॅक्रो चालल्यावर त्याने केलेले काम ‘अनडू’ने मागे घेता येत नाही. म्हणून पट्टी नजरेखालून घातल्यावरच कळ दाबावी आणि फाइलची प्रत रोज वेगळी काढून ठेवावी.

चौथे, अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाइलमधील मॅक्रो कधीही चालू करू नये. १९९९ साली ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून रोखण्यास सुरुवात केली, ती अशाच धोक्यांमुळे.

हिशोब ही अमानत आहे

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे अशी ताकीद तिच्यात आहे. लेखणीऐवजी कळ आली म्हणून ही जबाबदारी संगणकावर जात नाही. शेतकऱ्याचे दोन रुपये चुकून कमी लागले तरी तो बंद्याचा हक्क आहे, आणि मॅक्रोतील चूक एका शेतकऱ्यापुरती राहत नाही, त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाच्या पट्टीत ती जाते.

म्हणून पहिला आठवडा वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. रोज संध्याकाळी पाच पट्ट्या हाताने तपासाव्यात. एकूण कट्टे आणि एकूण रक्कम दोन्हीकडे जुळली, तरच वहीचे काम कमी करावे. मुनिमाचा वाचलेला वेळ शेतकऱ्याला पट्टी समजावून सांगण्यात गेला, तर दुकानाची पत वाढेल आणि कारोबारात बरकतही येईल, इन्शाअल्लाह.