इंग्रजी शब्दसंपदा, लेखांक ७ : व्याख्या वाचायची कशी?

मागच्या लेखांकात आपण लॅटिन आणि ग्रीक धातूंवरून अनोळखी शब्द ओळखायला शिकलो. धातूवरून अर्थाचा अंदाज येतो. शब्द बिनधास्त वापरण्याइतकी खात्री मात्र येत नाही. ती व्याख्येतून येते. व्याख्या वाचणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते आपल्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते. म्हणून आजचा पूर्ण लेखांक त्यालाच दिला आहे.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांसाठी शब्दसंग्रहाची जी पुस्तके मिळतात, त्यांत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एक मराठी शब्द अशी मांडणी नेहमी दिसते. पहिल्या दोन-तीन हजार शब्दांपर्यंत ती चालते. पुढे ती अडवू लागते. 'स्कोल्ड', 'रिब्यूक', 'रिप्रिमांड' आणि 'ॲडमॉनिश' हे चार शब्द घ्या. चौघांपुढेही 'रागावणे' किंवा 'खडसावणे' लिहिता येते आणि चारही वेळा ते बरोबरच असते. पण आई मुलाला रागावते तेव्हा 'स्कोल्ड' चालतो. वरिष्ठांनी कर्मचाऱ्याला अधिकृत ताकीद दिली की तिथे 'रिप्रिमांड' हवा. 'रिब्यूक' हा औपचारिक, कडक शब्दांतली निंदा सांगणारा. 'ॲडमॉनिश'मध्ये कानउघाडणी आहे, पण पुन्हा असे करू नकोस हा हिताचा सूरही आहे. हा भेद मराठी प्रतिशब्दात मावत नाही, व्याख्येत मात्र तो असतो. चांगल्या कोशात 'रिप्रिमांड'च्या व्याख्येत 'अधिकृतपणे' या अर्थाचा शब्द आवर्जून घातलेला असतो. घाईत वाचणाऱ्याची नजर नेमकी त्याच शब्दावरून घसरते.

व्याख्येची परीक्षा कशी करावी, हे आपल्याकडच्या न्यायशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'च्या परंपरेत लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष मानतात : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गायीची व्याख्या 'शिंगे असलेला प्राणी' अशी केली तर तिच्यात म्हैसही शिरते; ही अतिव्याप्ती. 'कपिल रंगाचा प्राणी' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. जी गोष्ट कुठल्याच गायीत सापडत नाही ती लक्षण म्हणून सांगितली, तर असंभव. इंग्रजी शब्द शिकणाऱ्या मराठी माणसासाठी यातले पहिले दोन दोष ही अत्यंत उपयुक्त हत्यारे आहेत, असे माझे ठाम मत आहे. 'रिप्रिमांड म्हणजे रागावणे' ही अतिव्याप्ती झाली, कारण तिच्यात आईचे रागावणेही आले.

अव्याप्तीचे उदाहरण तर आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. 'कर्ज सँक्शन झाले' हे आपण सहज बोलतो, त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी हे डोक्यात पक्के बसलेले असते. मग इंग्रजी वर्तमानपत्रात रशियावर 'सँक्शन्स' लादल्याची बातमी येते आणि वाचणारा गोंधळतो. मंजुरी लादतात कशी? इथे अर्थ निर्बंधांचा आहे. दोन्ही अर्थ कोशात शेजारी शेजारी असतात आणि त्यांना वेगळे करणारी खूणही तिथेच असते : मंजुरीच्या अर्थाने हे नाम सहसा अगणनीय, निर्बंधांच्या अर्थाने गणनीय आणि बहुतेक वेळा अनेकवचनी. शब्दापुढचे ते बारीक 'सी' आणि 'यू' ही अक्षरे अर्थाचा भाग आहेत. ती वगळून व्याख्या वाचली की वाचन अर्धेच झाले.

आता कोणता कोश घ्यायचा, हा प्रश्न येतो. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५चा कोश इंग्रजीच्या इतिहासात मोठा मानला जातो. पण त्याने 'नेटवर्क'सारख्या सोप्या शब्दाचा अर्थ सांगताना 'रेटिक्युलेटेड', 'डिकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' हे शब्द वापरले. ज्याला नेटवर्क कळत नाही, त्याला हे तीन शब्द कुठून कळणार? भाषा नव्याने शिकणाऱ्याची ही अडचण ज्यांनी मनावर घेतली, त्यांतले एक महत्त्वाचे नाव म्हणजे मायकल वेस्ट. ते अविभाजित बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षण खात्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जाते, हे त्यांनी वर्गात बसून पाहिले होते. १९३५मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह एक कोश काढला. त्यात सुमारे २४ हजार नोंदींचा अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावून दिला होता. तेवढे शब्द येणाऱ्याला बाकीचे सगळे कोशातूनच शिकता यावेत, ही त्यामागची दृष्टी. भारतीय उपखंडातल्या वर्गखोल्यांतून सुचलेली ही कल्पना पुढे जगभर गेली, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच सुमारास टोकियोत ए. एस. हॉर्नबी जपानी विद्यार्थ्यांसाठी कोश रचत होते. क्रियापदामागे कोणती रचना येते, नाम मोजता येते की नाही, हे प्रत्येक नोंदीत सांगायचे असा त्यांचा आग्रह. १९४२मध्ये जपानमध्ये निघालेला हा कोश १९४८मध्ये ऑक्सफर्डने छापला. आजचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश त्याचाच वंशज. लाँगमनने १९७८मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची मर्यादा पाळून आपला कोश काढला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या १९८७च्या 'कोबिल्ड'ने आणखी एक पाऊल टाकले. त्यात व्याख्या पूर्ण वाक्यात असते आणि शब्द त्या वाक्यातच वापरून दाखवलेला असतो, त्यामुळे कोण, काय आणि कशाच्या बाबतीत करतो हे आपोआप कळते.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते : मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांसाठी केलेला जाडजूड कोश सध्या बाजूला ठेवा आणि 'लर्नर्स' कोश घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत, साध्या मोबाइलवरही उघडतात.

आता एक व्याख्या उकलून पाहू. 'मिटिगेट' या क्रियापदाची व्याख्या कोणत्याही लर्नर्स कोशात साधारण अशी मिळेल : एखादी गोष्ट कमी हानिकारक, कमी गंभीर किंवा कमी त्रासदायक करणे. आधी मूळ क्रिया शोधा. ती आहे कमी करणे. मग भेदक शब्द शोधा. हानिकारक, गंभीर, त्रासदायक हे तिन्ही वाईटाकडे बोट दाखवतात, म्हणजे जे मिटिगेट करायचे ते मुळात वाईटच असले पाहिजे. दुष्काळाचे परिणाम मिटिगेट करता येतात, धोकाही करता येतो. बोनस कमी झाला तर तो मिटिगेट झाला असे म्हणता येत नाही. शिवाय व्याख्येत 'कमी' आहे, 'नाहीसे' नाही. शेततळ्यांनी दुष्काळाची झळ मिटिगेट होते. दुष्काळ संपलाच असे म्हणायचे असेल तर दुसरा शब्द शोधावा लागेल. एका ओळीच्या व्याख्येतून इतके निघते, फक्त तिच्यापाशी दोन मिनिटे थांबावे लागते.

प्रतिशब्द टाकूनच द्यावेत असे मात्र मी म्हणणार नाही. झाडे, पक्षी, धान्ये, मसाले यांच्या बाबतीत मराठी शब्दासारखे दुसरे काही नाही. 'मॅग्पाय रॉबिन'ची चार ओळींची व्याख्या वाचून जे डोळ्यांपुढे येत नाही, ते 'दयाळ' म्हटल्याबरोबर येते. व्याख्या लागते ती भाव, वृत्ती, कृती आणि विचार सांगणाऱ्या शब्दांना. प्रगत शब्दसंग्रहात भरणा त्यांचाच असतो.

सरावासाठी उलटा मार्ग सर्वांत फलदायी आहे. वाचताना शब्द अडला की लगेच कोश उघडू नका. आजूबाजूच्या वाक्यांवरून स्वतःची व्याख्या लिहा, मराठीत लिहिली तरी चालेल. मग कोशातली वाचा आणि आपल्या व्याख्येत अव्याप्ती झाली की अतिव्याप्ती, ते शेजारी नोंदवा. दुसऱ्या दिवशी व्याख्या झाकून शब्दावरून ती आठवा, नंतर शब्द झाकून व्याख्येवरून शब्द आठवा. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिलेले जास्त टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये प्रयोगांतून दाखवले आहे. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फिरून वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून पाहणारे.

आणखी एक व्यायाम सुचवतो, तो फक्त मराठी वाचकालाच करता येईल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ची. तोही इंटरनेटवर आहे. त्यात 'लगबग', 'कुरकुर', 'हट्ट' असे आपल्या रक्तातले शब्द काढा. अर्थ तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे तो इंग्रजीत कसा बांधला आहे यावर पूर्ण लक्ष देता येते. त्यातली इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे, एवढे ध्यानात ठेवून तिथले वाक्प्रयोग आज जसेच्या तसे वापरू नका.

या आठवड्यासाठी पाच शब्द : 'रिलक्टंट', 'कॉम्प्लेसंट', 'नोटोरियस', 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अलेज'. प्रत्येकाची व्याख्या आधी स्वतः लिहा, मगच लर्नर्स कोश उघडा. 'डिसइंटरेस्टेड'ला विशेष वेळ द्या, तिथे बहुतेक जण चुकतात. पुढच्या लेखांकात हेच पाच शब्द उकलायचे आहेत, तेव्हा तुमची वही जवळ असू द्या.