खाकीतला रक्तदाब

नवरात्रात माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला लाखो भाविक येतात. त्यांची रांग पुढे सरकते. बंदोबस्तावरचा पोलीस मात्र तिथेच उभा असतो. उत्सव संपला की पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेले शिपाई माझ्या दवाखान्यात येतात. "गोळी घ्यायची राहून गेली, डॉक्टरसाहेब," हे उत्तर ठरलेले!

सतत उभे राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साचून त्या फुगतात. जागरण व अवेळी जेवण यांमुळे रक्तदाब आणि साखर वाढते. सोय नसल्याने पाणी कमी पिणाऱ्या व लघवी रोखणाऱ्या महिला पोलिसांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. झोप अपुरी झाली की चिडचिड वाढते, ऐकून घेण्याची शक्ती घटते. मग तक्रार घेऊन आलेल्या माणसावर खेकसले जाते आणि तो ठाण्याची पायरी पुन्हा चढत नाही. थकवा हे याचे कारण असेल, समर्थन नव्हे.

यावर उपाय आहे. मुंबईत २०१६ साली रवींद्र पाटील या पोलीस कर्मचाऱ्याने सुचवलेली आठ तासांची पाळी तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार ठाण्यात प्रथम सुरू केली.

पोलीस बंधुभगिनींनो, गोळ्या खिशात ठेवा. उभ्याउभ्या टाचा वरखाली करा. पाणी प्या. वर्षातून एकदा तरी साखर तपासा. आणि वाचकहो, रांगेत अडवले म्हणून हुज्जत घालू नका. त्याला पाणी हवे का, तेवढे विचारा.