हृदयाभोवती पाणी साचलं, म्हणजे टीबीच?

हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. दोन पदरांमध्ये फार तर ५० मिलिलीटर पाणी असतं आणि त्याच्या वंगणामुळे हृदय जन्मभर न घासता धडधडतं. ही पिशवी म्हणजे हृदयावरण. तिच्या अस्तरात क्वचित एक कर्करोग उद्भवतो, त्याला पेरिकार्डियल मेसोथेलिओमा म्हणतात. मेसोथेलिओमाच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम एकाला तो इथे होतो. बहुतेकांना फुप्फुसाच्या आवरणात होतो, काहींना पोटाच्या.

या आजारातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज शीर्षकातच आहे. आपल्याकडे हृदयाभोवती पाणी झालं की डॉक्टरांना आधी टीबीची शंका येते, आणि ते योग्यच आहे. टीबी इथे सर्रास आढळतो. पण धाप, छातीत दुखणं, पायांवर सूज, घटणारं वजन ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. पाण्यात टीबीचे जंतू पुष्कळदा सापडत नाहीत, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू होतात. गोळ्या नीट घेऊनही पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर मूळ निदान तपासून पाहायलाच हवं.

‘पाणी तपासलं, त्यात कॅन्सर आला नाही’ या वाक्यावरही निर्धास्त राहू नये. या रोगाच्या पेशी पाण्यात बऱ्याचदा उतरतच नाहीत. सीटी किंवा एमआरआयमध्ये जाड झालेलं आवरण दिसतं, पण खात्री होते ती आवरणाचा तुकडा काढून केलेल्या बायॉप्सीने आणि त्यावरच्या खास रंगचाचण्यांनी. अनेक रुग्णांचं निदान ऑपरेशनच्या टेबलावर किंवा शवविच्छेदनातच झालेलं आहे. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

दुसरा प्रश्न ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा. १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातले फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. जवळजवळ सगळ्यांचा निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्याशी संबंध होता. काहींचं तर तिथे फक्त बालपण गेलं होतं. हृदयावरणाच्या बाबतीत हा धागा इतका घट्ट नाही. कित्येक रुग्णांच्या आयुष्यात ॲस्बेस्टॉस सापडत नाही. काहींना पूर्वी छातीवर रेडिएशन दिलेलं असतं. म्हणून ‘ॲस्बेस्टॉसशी संबंध नाही, म्हणजे हा रोग नाही’ असं म्हणता येत नाही.

तरीही विचारायला हवंच, आणि ‘सध्या काय करता?’ एवढंच विचारून भागत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेल्यावर रोग दिसायला २० ते ५० वर्षं लागतात. मुंबईच्या दारुखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जुनी जहाजं तोडलेला, बॉयलरवरचं आवरण सोललेला माणूस आज नातवंडांत रमलेला असेल. ‘क्लेमेंसो’ ही फ्रेंच युद्धनौका २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली, ती तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसमुळेच. घरच्यांनाही विचारावं. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याचं लंडनमध्ये १९६५ सालीच नोंदवलं गेलं.

‘पांढरा ॲस्बेस्टॉस निर्धोक’ हे साफ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सर्वच प्रकारांना कर्करोगकारक मानते. भारतात खाणकाम थांबलं, आयात थांबलेली नाही. मात्र डोक्यावर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा आहे म्हणून घाबरून तो उचकटू नका. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. सुटतात ते पत्रा कापताना, भोकं पाडताना, फोडताना. अशा वेळी तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. बिडी-सिगारेटने मेसोथेलिओमा होत नाही, पण ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

रोग जहाल आहे. निदानानंतर पुष्कळ रुग्णांच्या हाती काही महिनेच उरतात. पण ‘आता करण्यासारखं काही नाही’ हेही खरं नाही. साचलेलं पाणी काढलं, की धाप लगेच कमी होते. पाणी पुन्हा साचू नये म्हणून आवरणाला खिडकी पाडता येते, काहींचं आवरण काढता येतं, केमोथेरपीही देता येते.

ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतला जो काळ जास्त असेल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. घरात असा कुणी असेल, तर कुठे, कोणत्या साली, काय काम केलं ते त्याला विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद त्याच्या दवाखान्याच्या फाइलीत लावून ठेवा.